पायपुसण्यावरची फुलं

माउके बेट,
१२ मार्च २०२३

चि. मोएरोआ हिस,
तेपाएरूमावशीचे अ. उ. आ.

पत्रास कारण एक पायपुसणं.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. रारोटोंगाच्या, मोठ्या बेटावरच्या डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाले, आता तुम्हाला सुईत दोरासुद्धा ओवता येईल. मी म्हटलं, तो मी पट्टी असतानाही ओवत होते, तुम्ही दुसरं काहीतरी सांगा. नंतरचे आठ दिवस तुझ्या मामेभावाकडे, तेआरिकीकडे, काढले. त्याने घरामागे पाहुण्यांना भाड्याने द्यायला दोन खोल्या बांधल्या आहेत. त्यातली एक मला दिली होती. पहिल्याच सकाळी अंघोळ करून बाहेर पाऊल टाकलं आणि खाली बघितलं. नव्या डोळ्याने स्वच्छ पाहिलेली पहिली वस्तू ती.

जांभळ्या जमिनीवर उतूची, आपल्या किनाऱ्यावरच्या झाडाची, पांढरी फुलं. बारा. प्रत्येकाच्या तुऱ्याला गुलाबी शेंडे. डाव्या कोपऱ्यातलं फूल कललेलं, कारण आक्काचं म्हणणं की समुद्रावरून वारा येतो त्या बाजूचं फूल ताठ उभं राहूच शकत नाही. मोएरोआ, मी ओल्या पायांनी तुझ्या आक्कामावशीच्या अखेरच्या पांघरुणावर उभी होते. त्यावर आधीच्या पाहुण्यांचे केस चिकटलेले होते.

तेआरिकीला विचारलं. तो खूश होऊन म्हणाला, छान आहे ना, अगदी आपल्यासारखं वाटतं, म्हणून चार मागवली, इंटरनेटवर मिळतात, पडदेही आहेत. त्याचा दोष नाही. त्याने ते पांघरूण कधी पाहिलेलं नाही. ते शिवणाऱ्या आम्हा पाच जणींखेरीज कोणीच पाहिलेलं नाही, आणि मयताच्या दिवशी आक्काच्या अंगाभोवती गुंडाळेपर्यंत कोणी पाहायचंही नव्हतं. आक्काने आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नाला, दुसऱ्यांच्या मयताला तिवाएवाए, फुलं शिवलेली पांघरुणं, बेतून दिले. हा एक तिने स्वतःसाठी बेतला. नाताळात तू तीन आठवडे तिच्या घरी होतीस तेव्हा हे सगळं मी तुला सांगितलं होतं, आणि तू मान डोलावली होतीस.

पायपुसणं उचलून उजेडात नेलं. फुलांभोवती पांढरे तुटक ठिपके छापलेले आहेत. ते आमचे कच्चे टाके, पक्की शिवण झाली की उसवून टाकायचे. आणि नवव्या फुलाच्या देठाशी एक सेफ्टी पिन आहे. तीही छापली आहे, चकाकीसकट. ती पिन मी नाताळच्या दुसऱ्या दिवशी लावली आणि नववर्षाच्या प्रार्थनेआधी काढली. मी चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या आहेत. कोणी कोणाचं उतरवलं हे मी बरोबर उत्तरावरून कधीच ओळखलं नाही, चुकीवरून ओळखलं. त्या सहा दिवसांत त्या घरात बाहेरचं माणूस एकच होतं.

आक्काला अजून काही बोललेले नाही. तिला धाप लागते, पाय सुजले आहेत. नर्स मंगळवारी आणि शुक्रवारी येते.

उत्तर पत्राने पाठव. फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मूळ प्रश्न राहून जातो. लोभ आहे. तो किती उरेल ते तुझ्या उत्तरावर आहे.

तेपाएरूमावशी

*

ऑकलंड,
२९ मार्च २०२३

ती. तेपाएरूमावशीस,
मोएरोआचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. हो, मीच.

इंटरनेटवर माझं एक पान आहे, तुला ठाऊक नाही. तिथे मी शिवण दाखवते. कापड कसं दुमडायचं, तुऱ्याचा टाका कसा घालायचा. इथल्या, मेलबर्नच्या, ब्रिस्बेनच्या आपल्या मुली बघतात. ज्यांच्या आज्या काही न शिकवता गेल्या, त्या बघतात. दोनशे चौदा जणींनी माझ्याकडे बघून पहिलं फूल कापलं आणि मला दाखवलं. नाताळात आक्कामावशी झोपाळ्यावरून सांगत होती आणि तुम्ही टाचत होतात, तेव्हा मी फोन मांडीवर धरून चित्रीकरण केलं. मला वाटलं होतं फक्त हात येतील. घरी येऊन पाहिलं तर सगळं आलं होतं. आणि ते इतकं सुंदर दिसत होतं की माझ्याने राहवलं नाही, पानावर टाकलं. तुझं सांगणं मला आठवत होतं, हेही लिहिते. खोटं लिहिलं तर तू ओळखशीलच.

पुढचं ऐक. आठवड्यात अकरा हजार लोकांनी ते पाहिलं. त्यात एका बाईने लिहिलं, की जन्मात इतकं देखणं काही पाहिलं नाही, हे माझ्या घरात असतं तर किती बरं झालं असतं. मी तिला लिहिलं, आवडलं ना, मग ते तुझंच, घेऊन जा.

मावशी, मी नऊ वर्षांची होते. पाळकांकडे आलेल्या पाहुणीने माझ्या केसांतला शिंपल्यांचा कंगवा वाखाणला आणि मी तो मुठीत लपवला. तू सगळ्यांदेखत माझ्या बोटांवर पट्टी मारलीस आणि म्हणालीस, कौतुक झालेली वस्तू आपल्या हातात राहत नाही. मी रडत कंगवा दिला. दुसऱ्या दिवशी ती पाहुणी माझ्यासाठी पानांची विणलेली टोपी घेऊन आली, आपल्याकडे जेवली, तिच्या आईचं नाव काय, गाव कोणतं ते सांगून गेली. तेव्हापासून माझ्या तोंडून ते वाक्य आपोआप निघतं. मला वाटलं, ही बाईही आता नाव-गाव सांगेल. तिने पुन्हा लिहिलंच नाही. ती एका मोठ्या दुकानासाठी माल निवडते, हे मला तुझं पत्र आल्यावर शोधता शोधता कळलं.

मी चोरी केली नाही गं. मी पाहुणचार केला.

आक्कामावशीला सांगू नकोस. किंवा मलाच सांगू दे. जे म्हणशील ते करीन. तुझी माया मागण्याचं तोंड नाही, तरी मागते.

तुझी,
मोएरोआ

*

माउके,
२३ एप्रिल २०२३

चि. मोएरोआ हिस,
आशीर्वाद. ('अनेक' या खेपेला लिहिलेलं नाही.)

पट्टी मारली होती, हे खरं आहे. ते वाचून मी पत्र घडी करून ठेवलं आणि दोन दिवस तारोच्या कंदांच्या वाफ्यात काम केलं. तुला मीच शिकवलं. पण मी शिकवलं ते उंबऱ्यात उभ्या असलेल्या माणसाशी कसं वागावं याबद्दल. तोंड झाकून खिडकीतून हात घालणाऱ्याला घेऊन जा म्हणायला मी शिकवलं नव्हतं. इतका भेद नऊ वर्षांच्या मुलीला कळला नाही तर चालतं. तू चव्वेचाळीस वर्षांची आहेस.

आता आक्काचं. तुझी विनंती वाया गेली, माझं मौनही वाया गेलं. पाळकबाईंनी घोळ घातला. त्यांच्या बहिणीने ऑकलंडहून दोन पायपुसणी पाठवली, तर ह्या त्यातलं एक घेऊन आक्काकडे हजर. म्हणाल्या, तुमचे पाय सुजलेत, फरशी गार लागत असेल, हे घ्या खाली, बघा तरी किती मऊ आहे. बाई स्वभावाने इतकी चांगली आहे की तिला रागावताही येत नाही. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर येईपर्यंत ते आक्काच्या मांडीवर होतं.

आक्काने ते बराच वेळ पाहिलं. बोट फिरवलं. मग म्हणाली, पिन काढायची राहिली यांची. आणि हसायला लागली. इतकी हसली की खोकला आला, नर्सला बोलवावं लागलं. पाळकबाईंना वाटलं, भेट आवडली. त्यानंतर ती भिंतीकडे तोंड करून झोपली आणि दीड दिवस पाण्याखेरीज काही घेतलं नाही. मी सगळं सांगितलं, तुझं नाव घेऊन. ती एवढंच म्हणाली, की पोरीचे हात चांगले आहेत, तोंड तुझ्यावर गेलंय.

तिसऱ्या दिवशी पाचही जणींना बोलावून घेतलं आणि म्हणाली, जगातले लोक ज्याला ओले पाय पुसतात ते पांघरून मी जमिनीखाली जाणार नाही. उसवा. आम्ही उसवलं. शिवायला आठ महिने, उसवायला दोन दुपारी. त्यांना छापायला किती लागले? सहा आठवडे? पाच जणी ओळीने बसून आपलेच टाके कापत होतो आणि नेहमीचं गाणं कोणालाही सुरू करता येईना.

पायपुसणं मी डुकरांच्या खोपट्यात टाकलं. डुकरीण हुंगून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन झोपली. तिच्याबद्दल माझं मत सुधारलं आहे.

आता अडचण सांगते, कारण तू 'जे म्हणशील ते' असं लिहिलं आहेस. आक्काला दुसरं पांघरूण हवं आहे. तिच्या हाताला इतका कंप आहे की कात्री धरवत नाही. एके काळी आमच्या शिवणाच्या मंडळात एकोणीस बायका होत्या. आता पाच, त्यातल्या दोघींना दुपारनंतर दिसत नाही, बाकीच्या तुझ्या त्या ऑकलंडात आणि ब्रिस्बेनात. नर्स म्हणाली, सप्टेंबरात वसंत लागेपर्यंत धरून चला, पुढचं बोलू नका. पाच जणींनी पाच महिन्यांत ते होत नाही. आक्का उघड्याने जाईल, किंवा दुकानातल्या चादरीत. काय करणार आहेस ते लिही. रडणं लिहू नकोस.

राग आहे. लोभाचं पुढच्या पत्री पाहू.

तेपाएरूमावशी

*

ऑकलंड,
१४ मे २०२३

ती. तेपाएरूमावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र उंबऱ्यातच उभ्याने वाचलं. आक्कामावशीचं 'पिन काढायची राहिली' वाचून हसू आलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

दुकानाला लिहिलं. चार मिनिटांत उत्तर आलं, की आमच्या मालावरच्या तुमच्या प्रेमाबद्दल आभारी आहोत, आणि पुढच्या खरेदीवर सवलत. ते यंत्राने लिहिलेलं होतं. पुन्हा लिहिलं. त्यांनी एक अर्ज भरायला दिला. त्यात नक्षी कोणाची यासाठी एक चौकोन होता. मी त्यात आक्कामावशीचं नाव लिहिलं, मग तुम्हा पाच जणींची लिहायला गेले, तर चौकोन संपला. शेवटी एका खऱ्या माणसाचं उत्तर आलं, अगदी गोड भाषेत. सोबत माझंच वाक्य जोडलेलं. 'मग ते तुझंच, घेऊन जा.' खाली माझं नाव, तारीख, वेळ. माझ्या उदारपणाबद्दल त्यांनी आभार मानले आहेत.

आणखी एक सांगते, तुला किळस येईल हे ठाऊक असूनही. त्या दुकानात आता 'याच धर्तीची नवी फुलं' म्हणून चाळीस नक्ष्या आल्या आहेत. त्या कोणी माणसाने काढलेल्या नाहीत. यंत्राला आपलं चित्र दाखवलं, त्याने काढल्या. काही फुलांना पाच पाकळ्या, काहींना सात. आणि प्रत्येक फुलाच्या देठाला, मावशी, एक वाकडी चकचकीत पिन फुटलेली आहे, काट्यासारखी. त्याला वाटलं, ह्या झाडाला पिना येतात.

आता मूळ प्रश्न. मी पान बंद केलेलं नाही. रागावू नकोस, आधी वाच. चित्रीकरण काढून टाकलं आणि एवढंच लिहिलं, की घरातल्या एका थोरल्या बाईसाठी फुलं शिवायची आहेत, बघायला काही मिळणार नाही, दाखवायला काही मिळणार नाही. एकसष्ट जणींनी हो म्हटलं. सगळ्या आपल्याच. त्यातल्या नऊ मी निवडल्या, ज्यांच्या आयांना तू ओळखतेस. तुम्ही तिथे फुलं कापा आणि पाठवा. इथे भरतकाम करून आम्ही परत पाठवू, तुम्ही जमिनीच्या कापडावर बसवा. ह्या बायका मला त्याच इंटरनेटवर भेटल्या, हे मी लपवत नाही. तिथे नसत्या तर कुठे भेटल्या असत्या सांग. तू म्हणशील, मंडळात. पण मंडळ तर इथे आलंय, मावशी, सहा शहरांत पांगून.

हो म्हण. तुझ्या पायांशी बसून विनवते आहे असं समज.

मोएरोआ

*

माउके,
१८ जून २०२३

चि. मोएरोआ हिस,
अ. आ.

पिना फुटलेली फुलं! मी ते आक्काला वाचून दाखवलं. ती म्हणाली, म्हणजे आता ते यंत्र तेपाएरूचं शिष्य झालं, कारण पिन तिची होती. ह्याला तुमच्याकडे नवं निर्माण करणं म्हणतात का? माझ्या वर्गात असं करणाऱ्या मुलाला मी बाकावर उभं केलं असतं आणि तो मोठा होऊन सुधारला असता. हे कशावर उभं करायचं?

तुझी योजना मला आवडलेली नाही. आक्काला आवडली. तिचं म्हणणं, सुई कुठल्या गावात चालते याने काय फरक पडतो, सुई धरणारीचं नाव कळलं की झालं. म्हणून खालील अटी तिच्या आणि माझ्या मिळून आहेत.

फुलं मी कापून पाठवते आहे. प्रत्येक फूल वेगळ्या कापडी पाकिटात शिवून बंद केलेलं आहे, चिकटवलेलं नाही. जिचं पाकीट तिनेच उसवायचं. दुसरीचं बघायचं नाही. तूही नाही. फोटो काढायचा नाही, काढला तर ते फूल बाद. शिवून झालं की घडी आतल्या बाजूला, पुन्हा शिवून बंद. सोबत कागदावर शाईने आपलं नाव, आईचं नाव, आजीचं नाव आणि बेट. आक्काला ती नावं हवी आहेत. कुठलं फूल आहे हे मी ह्या पत्रातसुद्धा लिहिणार नाही.

कापलं मी, हे वाचून तुला धक्का बसला असेल. पन्नास वर्षं मंडळात मला कोणी कात्रीला हात लावू दिला नाही. माझं काम दोरे ओवणं, चहा करणं आणि बायबल वाचणं. पण पाच जणींत आता जिचे डोळेही बरे आणि हातही स्थिर अशी मी एकटी उरले. आक्का उशांना टेकून सांगते, मी कापते. पहिली तीन फुलं तिने फेकून दिली. म्हणाली, ही फुलं आहेत की तुझ्या शाळेची प्रार्थनेची रांग? बघ कशी घाबरून ताठ उभी आहेत. मी म्हटलं, सरळ कापण्यात काय वाईट आहे? ती म्हणाली, बाई गं, झाडाला तुझा धाक नसतो. चौथं हातात फिरवून परत दिलं. पाचव्याला म्हणाली, चालेल, मेलेल्या माणसाला चालेल. बहात्तराव्या वर्षी मला असे गुण मिळाले आणि मी त्या रात्री आनंदाने दोन वाट्या केळ्याचा गोड, मऊ पोके खाल्ला, हे तुझ्यापुरतं ठेव.

मी कापत असते तेव्हा ती डोळे मिटून सांगते. कागद नाही, खडू नाही. मी विचारलं, दिसतं कुठे तुला? ती म्हणाली, दिसत नाही, बोटं सांगतात आणि मी तुला सांगते. ह्यातलं तुझ्या त्या यंत्राला दाखवायला काही मिळणार नाही, याचं मला मोठं समाधान आहे.

पाकिटं गुरुवारच्या विमानाने मायरेच्या सुवासिक पानांच्या माळांच्या खोक्यातून निघतील. तुझ्या भावाला विमानतळावर उभं कर.

लोभ पूर्वीएवढा नाही, पण शिवणीला लागला आहे.

तेपाएरूमावशी

*

ऑकलंड,
१० सप्टेंबर २०२३

ती. तेपाएरूमावशीस,
सा. न. वि. वि.

नऊ पाकिटं सोबत आहेत, शिवून बंद. मी एकही उसवलं नाही, माझं सोडून.

माझं कसं, ते सांगते. मूळ नऊ जणींत मी नव्हते, मला ती लायकी वाटत नव्हती. पण मेलबर्नच्या एका मुलीने आपलं अर्धं भरलेलं फूल मैत्रिणीला दाखवायला फोटो काढला. तिनेच रडत मला कळवलं. बाद म्हणजे बाद, मी पाकीट परत मागवलं, तिचे टाके उसवले आणि ते फूल मी शिवलं. तिला वाईट वाटलं. मी तिला सांगितलं, की हीच चूक मी अकरा हजार लोकांसमोर केली आहे, तू फार स्वस्तात सुटलीस. फोटो तिने व्हिडिओ कॉलवर माझ्यादेखत पुसला. तिचं नाव मी कागदावर लिहिलं आहे, माझ्या नावाच्या आधी. चालत नसेल तर खोड.

ब्रिस्बेनची तोकेराऊ मांसाच्या कारखान्यात कामाला आहे. ती जेवणाच्या सुट्टीत तीनदा हात धुऊन शिवत होती. तिच्या सोबतच्या बायका विचारायच्या, काय करतेस, तर ती सांगायची, मला ठाऊक नाही. तिला खरंच ठाऊक नव्हतं. असं काम तिने आयुष्यात केलं नव्हतं म्हणाली, ज्याचं पूर्ण रूप कधीच दिसणार नाही. मलाही ते जड गेलं. माझी बोटं सारखी फोनकडे जात होती.

म्हणून एकच मागते. पांघरूण पूर्ण झालं की एक फोटो. कुठेही टाकणार नाही. फक्त माझ्यासाठी, कागदावर काढून पत्रात घालून पाठव. मला एकदा बघायचं आहे.

आक्कामावशीला माझा नमस्कार सांग. अजून थोडं थांब म्हणावं.

मोएरोआ

*

माउके,
२२ ऑक्टोबर २०२३

चि. मोएरोआ हिस,
तेपाएरूमावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद. या वेळी सगळी अक्षरं पुरी लिहिली आहेत.

आक्का गेली, ते तुला फोनवर कळलंच. तुला विमान मिळालं नाही, त्याबद्दल मनाला लावून घेऊ नकोस. इथे कोणी कोणासाठी मयत तीन दिवस ठेवत नाही.

पांघरूण नऊ दिवस आधी पुरं झालं होतं. शेवटचा कच्चा टाका आक्काने स्वतः ओढून काढला, मी तिचं मनगट धरलं होतं. मग मी तुमचे कागद वाचून दाखवले. नाव, आई, आजी, बेट. तोकेराऊच्या आजीचं नाव आल्यावर ती म्हणाली, त्या बाईने एकोणीसशे बासष्ट साली माझी कात्री नेली होती, चला, फिटली. मेलबर्नच्या मुलीचं नाव मी खोडलं नाही. आक्काने दोनदा वाचायला लावलं.

पाळकबाईंचे सिडनीचे पाहुणे मयताला आले होते. चर्चमध्ये आक्काला गुंडाळायची वेळ आली तेव्हा त्यातल्या एकाने फोन वर धरला. मग दुसऱ्याने. मी उठणार होते. माझा चेहरा कसा झाला असेल याची तुला कल्पना आहे. पण उठायची गरज नव्हती, कारण ते आक्काने आधीच निस्तरलं होतं. आदल्या आठवड्यात तिने मला जवळ बोलावून सांगितलं, की पांघरूण उलटं घाला. लोक म्हणतात म्हणून मी जन्मभर चांगली बाजू बाहेर काढून दुसऱ्यांना दिली. माझ्या वेळेला फुलं माझ्याकडे असू देत, मला वाचायला काही नसेल तिथे.

तसंच केलं. बाहेर सगळी उलटी बाजू. गाठी, दोऱ्यांची टोकं, आमच्या पाच जणींचे आंधळे टाके, एका कोपऱ्यात माझ्या बोटाचं रक्त. पाहुण्यांनी त्याचेच फोटो काढले. एकाने मला हळूच विचारलं, बाई, हे पुरं करायला वेळ मिळाला नाही का? मी म्हटलं, नाही मिळाला. त्यांनी ते खुशाल इंटरनेटवर टाकावं आणि त्या यंत्राने त्यातून काय उगवायचं ते उगवावं. गाठी उगवतील.

तुला फोटो पाठवत नाही. काढलेलाच नाही. पण तू मागितलंस, आणि या वेळी आधी विचारून मागितलंस, म्हणून एवढं सांगते. तुझं फूल डाव्या खांद्याखाली आलं, छातीला टेकून. देठाकडचे तुझे टाके जरा घट्ट होते. ते मी बदलले नाहीत.

बाकी कसं दिसत होतं ते विचारू नकोस, आणि उत्तरी त्याचं कौतुक तर मुळीच करू नकोस. केलंस तर मला ते तुला द्यावं लागेल, आणि ते आता कोणाला देता येत नाही.

नाताळात ये. कात्री माझ्याकडे आहे. फोन दाराबाहेर ठेवायला एक टोपली विणून ठेवली आहे. लोभ होता तेवढा परत झाला आहे, थोडा जास्तच, म्हणून लवकर ये.

तेपाएरूमावशी